सिस्टर, मायच्या बांगड्या तुम्ही काढायला लावल्या नाहीत

सिस्टर, नमस्कार.

मी कोपऱ्यातल्या कॉटवरच्या नानांचा मुलगा. केजकडचे नाना, ज्यांना तुम्ही रोज सकाळी "काय नाना, आज चहा गोड लागला का कडू" असं विचारायच्या तेच. तुमचं नाव लिहीत नाही, कारण निघताना तुम्हीच म्हणलात की माझं नाव कुठं टाकू नका, बाकीच्या पोरी पण तेवढंच करतेत आणि उद्या सगळ्यांना चहा मलाच पाजावा लागंल. म्हणून तुमचं नाव नाही, दवाखान्याचं पण नाही. ज्याला ओळखायचंय तो ओळखील.

खरं सांगू का, आभार मानायचं मला जमतच नाही. आमच्याकडं घरातल्याला कुणी थँक्यू म्हणत नाही, म्हणलं तर समोरचा म्हणतो, याला काय झालं. डिस्चार्जच्या दिवशी पेढ्याचा बॉक्स तुमच्या टेबलावर ठेवला अन् औषधं आणायचं निमित्त करून जिन्यानं खाली पळालो, कारण अजून दोन मिनिटं थांबलो असतो तर रडलो असतो. आता महिना होऊन गेला, दुकानात गिऱ्हाईक नसलं की तेच सगळं डोळ्यासमोर येतं, म्हणून लिहायलो. लांबलं तर समजून घ्या.

फेब्रुवारीत हरभरा घरी आणताना नाना ट्रॉलीवरून घसरले आणि खुबा मोडला. शहरातल्या एका मोठ्या काचेच्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन चांगलंच झालं, त्यात खोट काढणार नाही. घोळ झाला तो नंतर. ऑपरेशनच्या दिवशी लघवीची नळी टाकली ती तशीच ठेवली, का ठेवली कुणी सांगितलं नाही, आम्ही पण विचारलं नाही, आम्हाला वाटलं मोठं ऑपरेशन म्हणल्यावर नळी असतीच. पिशवी फरशीवर पडलेली असायची. एक्स-रेला नेताना वॉर्डबॉय मामांनी ती उचलून नानांच्या पोटावर ठेवली, मूत परत नळीतून मागं जायलंय हे मी डोळ्यानं बघितलं आणि तरी गप्प बसलो, कारण मला वाटलं त्यांचं काम त्यांना माहीत. (पिशवी कायम कमरेच्या खाली, आणि फरशीला टेकवायची नाही, एवढी साधी गोष्ट मला नंतर तुमच्याकडून कळली.)

पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. इंजेक्शन बदललं. ताप उतरला, परत आला. परत बदललं. मग एक दिवस सांगितलं की आता एकदम स्ट्राँग चालू केलंय, आणि सिस्टर, लाज वाटती सांगायला, पण बिलावर त्या एका बाटलीची किंमत बघून मला बरंच वाटलं, म्हणलं एवढं महाग म्हणजे आता काम होणार. लघवी कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते तपासायला, पाठवली का, रक्त पाठवलं का, हे विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. त्यांना तर माहीत होतं ना? नऊ दिवसांत एकदाही पाठवलं नाही.

तिथं आयसीयूच्या दाराशी हात कधी धुवायचे त्याचं रंगीत पोस्टर होतं. पाच चित्रं, पेशंटला हात लावायच्या आधी, जखमेला-नळीला हात घालायच्या आधी, रक्त-लघवी लागल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या कॉटला-सामानाला हात लावला तरी. तेच जगभर असतंय म्हणे, जागतिक आरोग्य संघटनेचं. लॅमिनेशन करून लावलेलं. त्याच्या खाली बाटली अडकवलेली. मी रोज आत जाताना ती दाबून बघायचो, रोज नुसती हवा. नऊ दिवस हवा.

आणि मग ते बांगड्यांचं झालं.

नानांचा ताप उतरंना तेव्हा तिथला एक पोरगा, डॉक्टर होता का कोण होता देव जाणे, मायला सगळ्यांसमोर म्हणला, "आजी, तुमच्या लोकांच्या येण्याजाण्यानंच इन्फेक्शन व्हायलंय. त्या बांगड्या काढा आधी, किती घाण असती त्यात, नाहीतर हात लावायचा नाही पेशंटला."

त्याचं म्हणणं शास्त्रानं चूक नसंल, बांगडीखाली घाण साठती हे आता मला पण माहीत आहे. पण समोर कोण आहे ते तर बघशील? माझी माय, जिच्या हातून बांगडी पिचली तरी ती "फुटली" म्हणत नाही, "वाढवली" म्हणती. नवरा आत नळ्या लावून पडलाय आणि तिला कुणीतरी म्हणायलंय हात रिकामे कर. ती काही बोलली नाही. बांगड्या काढल्या नाहीत आणि त्या दिवसापासून नानांना हातही लावला नाही. चार दिवस दोन फुटांवर स्टुलावर बसून राहायची, पदरात हात गुंडाळून, जशी काय हातात विंचू धरलाय. नाना तापात हात पुढं करायचे, अन् ती मला म्हणायची तू धर.

दहाव्या दिवशी पैसे भरून, कागदावर सह्या करून आम्ही नानांना हलवलं आणि रात्री अकराच्या पुढं तुमच्या वॉर्डात आलो.

तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला आठवतंय का? मी डिपॉझिटची तयारी करून उभा होतो आणि तुम्ही नानांचा हात उजेडात धरून विचारलं, "ही सलाईनची सुई कधीची आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. भोवती लाल होऊन हात सुजलेला. तुम्ही ती काढली, दुसऱ्या हाताला नवी टाकली, त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून पेनानं तारीख अन् टाइम लिहिला. मग चादर वर करून, "आणि ही नळी कशासाठी ठेवलीय?" रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमला पण तेच विचारलं, एकदम साध्या आवाजात, भांडायचा सूर नाही काही नाही. मॅडमनी कागद चाळले आणि म्हणल्या, आता तसं कारण दिसत नाही. जुनी नळी बदलली, ताजी लघवी कल्चरला, रक्त कल्चरला, आणि ते घेऊन झाल्यावरच पुढचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नवी नळी पण काढून टाकली आणि नानांच्या हातात युरीन पॉट दिला. अकरा दिवसांनी स्वतःच्या हातानं लघवी केली तेव्हा नाना पहिल्यांदा हसले, म्हणले "आता मी माणसात आलो."

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. क्लेब्सिएला. मला ती शिवीच वाटली. सतरा औषधांची नावं खाली लिहिलेली आणि चौदाच्या पुढं "आर", म्हणजे रेझिस्टंट, ते औषध ह्या जंतूला मारत नाही. ज्या स्ट्राँगच्या किमतीवर मी खूश झालो होतो त्याच्या पुढं पण आर. उरली तीन, ती पण किडनीला जड, म्हणून रोज रक्त काढून क्रिएटिनिन बघायचं.

तुम्ही मला समजावून सांगायला लागलात आणि मीच म्हणलं, सिस्टर थांबा, हे मला कळतंय. माझं खत-बियाणाचं दुकान आहे. बीटी कापूस म्हणजे ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष असतं तो. त्याच्या 450 ग्रॅमच्या पिशवीसोबत साध्या कापसाचं 120 ग्रॅमचं बी यायचं, ते कडेनं लावायचं असायचं, म्हणजे बोंडअळीला बिगर-बीटी झाडं पण राहतेत आणि ती बीटीला लवकर सरावत नाही. आमचे लोक ती पुडी बांधावर फेकून द्यायचे, आणि मी विकणारा, मी पण कधी जोर करून सांगितलं नाही. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं सगळ्या मराठवाड्याचा कापूस खाल्ला. मग लोक माझ्याकडंच येऊन म्हणायचे, अजून जालीम काय आहे ते दे. दोन औषधं एकत्र करून मारायचे, अर्धवट मारायचे, दर आठ दिवसाला मारायचे, मरायच्या त्या मरायच्या अन् ज्या वाचायच्या त्या त्याच औषधाला पचवून पुढची पिल्लं घालायच्या. दवाखान्यात पण तेच चाललंय, फक्त शेत म्हणजे माझा बाप.

आणि गावात वेगळं काय आहे. सर्दी झाली तरी मेडिकलवर जाऊन "ती तीन गोळ्यांची पट्टी दे" म्हणतो आपण. पाकिटावर लाल रेघ असती, म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. 2014 पासून तर काही अँटिबायोटिकची मेडिकलवाल्यानं वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची असा कायदा आहे. माझा मेडिकलवाला दोस्तच आहे, कितीदा घेतल्या मी त्याच्याकडून, उरलेल्या शेळीला पण खाऊ घातल्या आहेत. त्यामुळं सगळा दोष त्या काचेच्या दवाखान्यावर टाकून मी मोकळा होत नाही. पण बाटलीत हवा होती ती माझ्यामुळं नव्हती.

असो. मुख्य गोष्ट राहायलीय.

रिपोर्ट आल्यावर नानांना कोपऱ्यातल्या कॉटवर हलवलं. त्यांचा बीपीचा पट्टा वेगळा, स्टेथोस्कोप वेगळा, थर्मामीटर वेगळा, येणाऱ्यानं ॲप्रन-हातमोजे घालायचे, कॉटला खूण. माय घाबरली. तिला वाटलं वाळीत टाकलं. तुम्ही तिच्या स्टुलाशेजारी वाकून म्हणलात, "आई, नानांना कुणी वाळीत टाकलं नाही. शेजारच्या कॉटवर लहान लेकराचा बाप आहे, त्याला हे जाऊ नये म्हणून. आणि हे जंतू उडत येत नाहीत हो, आपल्या हातावर बसून जातेत." मग तुम्ही विचारलं, "तुम्ही त्यांच्याजवळ का बसत नाही?"

मायनं सांगितलं. बांगड्यांचं सगळं सांगितलं.

तुम्ही एक मिनिट काहीच बोलला नाहीत. मग म्हणलात, "चला माझ्याबरोबर," आणि तिला बेसिनपाशी नेलं. तिच्या हिरव्या बांगड्या, चार ह्या हाताला चार त्या हाताला, एकेक करून वर सारल्या, मनगटाच्या वर जिथं घट्ट बसतेत तिथपर्यंत, आणि गॉजची पट्टी काढून वरून अलगद गुंडाळून बांधली, म्हणजे खाली घरंगळणार नाहीत. दोन्ही हातांना. एवढ्या हळू, जशी मुलीला कुणी पहिल्यांदा चुडा भरावा. मग नळ सोडला आणि तिला करून दाखवायच्या ऐवजी तुम्ही तिच्यासोबत स्वतःचे हात धुतले. तळहात, हाताची पाठ, बोटांच्या फटी, अंगठा, नखं. म्हणलात चाळीस मोजा. माय म्हणली मोजायला येतंय मला पण मी विठ्ठल विठ्ठल म्हणते. तुम्ही म्हणलात, "चालतंय की, चाळीस विठ्ठल."

मी दारात उभा होतो. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून साबणाच्या फेसात विठ्ठल विठ्ठल म्हणायल्यात.

मग तिला ॲप्रन घातला, हात पुसले आणि नानांच्या कॉटपाशी नेऊन म्हणलात, "आता धरा हात. हातमोजे मी घालते, तुम्ही तशाच धरा. सोडताना परत धुवा म्हणजे झालं." हे नियमात बसतंय का मला माहीत नाही, नसंल तर मी लिहिलेलं कुणी वाचू नये. नानांनी डोळे उघडले नाहीत पण बोटं आवळली. माय किती वेळ तशीच बसली होती, जेवायला पण उठली नाही.

औषधानं बरे झाले नाना, हे मला कळतंय, ती उरलेली तीन औषधं नसती तर काय झालं असतं ते पण कळतंय. पण आमच्या घरात कुणालाही विचारा नाना कधी वाचले, तर सगळे तो दिवस सांगतेत.

अजून एक सांगतो, हे तर तुम्ही विसरल्या पण असाल. मोठ्या सरांचा राऊंड होता. सर शेजारच्या कॉटवरून बोलत बोलत आले, मागं सात-आठ पोरं, आणि बोलण्याच्या नादात नानांच्या ड्रेसिंगला हात घालणार तेवढ्यात तुम्ही मधी बाटली धरली. फक्त "सर." एवढंच म्हणलात. सगळी पोरं गप्प. माझ्या तर पोटात गोळा आला, म्हणलं आता हिची नोकरी गेली. सरांनी हात पुढं केला, तुम्ही दाबलं, सर हात चोळत चोळत म्हणले "बरं झालं," आणि मागच्या पोरांना म्हणले "बघितलं का." झालं, राऊंड पुढं गेला. सरांना पण नमस्कार सांगा माझा. आधीच्या ठिकाणी साहेब आले की सिस्टर लोक भिंतीला चिकटून उभे राहायचे, तिथं कोण बाटली धरणार, आणि बाटलीत होतं काय.

रात्री झोप येत नव्हती तेव्हा मोबाईलवर वाचत बसायचो. व्हिएन्नामधल्या एका डॉक्टरचं वाचलं, सेमेलवाइस नावाचा. 1847 साल. बाळंतिणी तापानं मरायच्या, शंभरातल्या अठरापर्यंत. डॉक्टरलोक प्रेतं चिरून सरळ बाळंतिणीकडं यायचे. ह्यानं ब्लीचिंग पावडरसारख्या पाण्यात हात धुवायला लावले आणि तो आकडा दोनाच्या आसपास आला. तर बाकीच्या डॉक्टरांना राग आला! आमचे हात घाण म्हणतो म्हणून. पावणेदोनशे वर्षं होऊन गेली सिस्टर, जंतू बदलले, औषधं आली, ती औषधं पचवणारे जंतू आले, 2019 ह्या एका वर्षात जगात 12 लाख 70 हजारच्या आसपास माणसं अशा औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी गेली असा मोठा अभ्यास आहे, आणि मोठ्या माणसाला हात धुवा म्हणायला अजून पण तेवढीच छाती लागती.

तुमचे हात बघितले मी. दिवसातून किती वेळा धुता देव जाणे, बोटांच्या सांध्यावर कातडी सोलवटलेली, भेगा पडलेल्या. एका पाळीला तुमच्याकडं किती पेशंट होते ते पण मी मोजले, आकडा लिहीत नाही, उगा वरून तुम्हालाच विचारतील. भिंतीवरची बाटली संपली की तुम्ही स्वतःच्या खिशातली काढायच्या. ती खिशातली कुणाच्या पैशाची होती, हे विचारायचं राहिलं.

काही माणसं अशीच असतेत. आमच्या रूटला एक एसटी कंडक्टर होता, रात्रीच्या गाडीतून बाई एकटी फाट्यावर उतरली की घंटी मारायच्या आधी काचेतून बघायचा, न्यायला कुणी आलंय का. कुणी दिसलं नाही तर गाडी थांबवून ठेवायचा, ड्रायव्हर शिव्या द्यायचा तरी. त्याच्या ड्यूटीत ते कुठं लिहिलेलं नव्हतं. त्याचं पण थँक्यू राहिलंय, रिटायर झाला. त्याच्या नंतर तुम्ही.

नाना आता वॉकर घेऊन ओसरीत फिरतेत. चहा गोड लागतो, माझी बायको त्यात साखर घालत नाही तरी. दुकानात मी बाटली ठेवलीय, लोक हसतेत, म्हणतेत फवारणीचं औषध विकणारा हाताला औषध लावायलाय. परवा एक जण म्हणला अजून जालीम काय आहे ते दे, त्याला आधी कोणती अळी आहे ते पान तोडून आणायला लावलं. चिडून गेला, दुसऱ्या दुकानातून घेतलं असंल.

सोमवारी नानांना दाखवायला येणार आहोत. तेव्हा एक काम आहे. तुम्ही मायच्या हाताला बांधल्या होत्या त्या गॉजच्या पट्ट्या तिनं घरी आणून, धुऊन, उन्हात वाळवून, घडी करून ठेवल्यात, करडईच्या तेलाच्या बाटलीसोबत. तेल तुमच्या हाताच्या भेगांसाठी. पट्ट्या परत द्यायच्या म्हणती, दवाखान्याची वस्तू आपल्याकडं नको. मी दहा वेळा सांगितलं की ती एकदाच वापरायची असती, परत घेत नसतेत, जंतू असतेत. ऐकत नाही. म्हणती त्या सिस्टरनं मला कुठं नाही म्हणलं होतं.

तर घ्या सिस्टर तेवढ्या. तेल घरी न्या, आणि पट्ट्या माय जिना उतरून खाली गेली की मग पिवळ्या बकेटीत टाका. अन् हात धुवा, हे तुम्हाला मी काय सांगू.